सातव्या जागेवर कोण बसणार?

या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही तीन रांगांच्या मोठ्या गाड्यांबद्दल आहेत, कारण गणपती जवळ आले की आमच्या टपालात हाच विषय जास्त असतो. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. संपादकांनी तेवढी जागा दिली, त्यांचे आभार.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही कराडला राहतो, माझं शेतीपंपांचं दुकान आहे. आत्ताची पाच सीटर गाडी ९ वर्षांची झाली. आता तीन रांगांची, जरा प्रीमियम गाडी घ्यावी म्हणतो. ऑन-रोड ३६ लाखांपर्यंत जाऊ शकतो. घरात मी, पत्नी, आई (वय ७४, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा. गणपतीला कुंभार्ली घाटाने गुहागरजवळच्या मूळ गावी जातो. तेव्हा बहीण आणि भाऊजी बरोबर असतात, म्हणजे सात जण. महिन्यातून एकदा पुणे होतं. भाऊजी पुढे माझ्याजवळ, आई मधल्या रांगेत खिडकीशी, बहीण तिच्या शेजारी आणि मुलं मागे, असा विचार आहे. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड आणि टाटा सफारी डिझेल ऑटोमॅटिक या दोन्ही पाहून आलो. मित्र म्हणतो, तेवढ्या पैशात वापरलेली फॉर्च्युनर घे, गाडी कशी दणकट पाहिजे. शोरूमवाले म्हणतात, फाइव्ह स्टार आहे म्हणजे तिसरी रांगही सुरक्षित. नक्की कशावरून ठरवायचं? — एक वाचक, कराड

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा बोटांवर माणसं मोजली. स्टिअरिंगवर तुम्ही, शेजारी भाऊजी, मध्ये आई आणि बहीण, मागे दोन मुलं. सहा झाले. सातव्या तुमच्या पत्नी. त्या कुठे बसणार, हे पत्रात आलेलंच नाही.

हे मी टोचून बोलत नाही. साताऱ्याच्या आमच्या गॅरेजात २६ वर्षं मोठ्या गाड्या पाहते आहे, घरोघरी हेच चालतं. पुरुष पुढे, वडीलधारे मध्ये आणि मुलांना गाडी लागते म्हणून त्यांची आई मागे. मी स्वतः ११ वर्षं तशी बसले. तेव्हा आमच्याकडे मागे आडव्या बाकांची जीप होती. एका हाताने मुलाचं कपाळ धरायचं, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि घाट उतरेपर्यंत बाहेरचं काही दिसायचं नाही. गावी पोचल्यावर बाकीचे चहाला बसायचे आणि मी पडवीत पाय लांब करून पडून राहायचे. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मागच्या रांगेपासून देते आहे.

शोरूममध्ये सगळ्यांना घेऊन जा. मुलं, आई आणि सगळ्यात आधी तुमच्या पत्नी. त्यांना तिसऱ्या रांगेत बसवा, दोन्ही बाजूंना मुलं बसवा आणि मधल्या रांगेत आई आरामात बसतील एवढी ती रांग मागे घ्या. शोरूममध्ये ती रांग पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यामुळे तिसऱ्या रांगेत ऐसपैस जागा दिसते. मग तुम्ही फक्त उभे राहा, बोलू नका. पंधरा मिनिटांनी त्या काय सांगतात ते वहीत लिहून घ्या.

बरोबर शिवणकामाची टेप न्या. तिसऱ्या रांगेत पाय जिथे टेकतात तिथपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची मोजा. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते. गाडीत एवढी मिळत नाही, पण ३० च्या खाली गेली की माणूस पाटावर बसल्यासारखा होतो. गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळा भार माकडहाडावर. पाटावर आपण जेवायला वीस मिनिटं बसतो. गणपतीच्या गर्दीत कराड ते गुहागर चार तास धरा. १२ वर्षांच्या मुलीला आज ती जागा पुरेल, पण ती आणखी तीन वर्षांनी तुमच्या खांद्याला लागेल आणि गाडी तुम्ही पुन्हा ९ वर्षं वापरणार.

हा पाट का होतो तेही समजून घ्या, कारण कॅटलॉगमध्ये ते कुणी सांगत नाही. तिसऱ्या रांगेच्या खाली मागचा ॲक्सल, सस्पेन्शन आणि सायलेन्सर असतो. फॉर्च्युनरसारखी गाडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली असते, त्यामुळे मागची तळफळी, म्हणजे पाय टेकतात तो गाडीचा तळ, आणखी वर येते. छप्पर काही तेवढं वर जात नाही, मग सीट तळफळीला चिकटते. लांबीवरून जागेचा अंदाज घेऊ नका. फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर लांब आहे आणि सफारी ४६६८, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते फॉर्च्युनरचं २७४५ आणि सफारीचं २७४१. म्हणजे जवळजवळ १३ सेंटीमीटर जास्तीची लांबी माणसांच्या पायांना मिळतच नाही. हायक्रॉस ४७५५ मिलिमीटर, फॉर्च्युनरपेक्षा आखूड, पण व्हीलबेस २८५०. शिवाय तिला पुढच्या चाकांवर ओढ असल्याने मागे जाणारा शाफ्ट नाही, म्हणून तळफळी खाली राहते. हायक्रॉस दिसायला एसयूव्हीसारखी केली आहे, पण मुळात ती एमपीव्ही, म्हणजे जास्त माणसं बसवण्यासाठीच आखलेली गाडी आहे, आणि सात माणसं बसवायची असतील तर ते तिच्या फायद्याचंच आहे.

आता सात म्हणजे कोणते सात, हे बघा. सात सीटर सफारीत पुढे २, मध्ये ३, मागे २ अशी मांडणी असते. सात सीटर हायक्रॉसमध्ये पुढे २, मध्ये २ स्वतंत्र खुर्च्या आणि मागे ३. दोन्ही कागदावर सातच, पण घर वेगळं मांडावं लागतं. सफारीत आई, बहीण आणि तुमच्या पत्नी मध्ये खांद्याला खांदा लावून आणि मुलं मागे एकटी. मुलाला मळमळलं तर आईला चालत्या गाडीत मागे वळून हात पोचवावा लागेल. हायक्रॉसमध्ये आई आणि बहीण आपापल्या खुर्चीत, आणि मागे तुमच्या पत्नी मुलांजवळ. दोन खुर्च्यांमधून वाट असल्याने थांबल्यावर कुणालाही न उठवता बाहेर येता येतं. सफारीत मागच्याला उतरवायला मधली सीट दुमडावी लागते, म्हणजे त्यावर बसलेल्याने आधी उतरायचं. ते माणूस गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई असेल, तर दर थांब्याला काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. सफारी सहा सीटरही मिळते, मध्ये दोन खुर्च्या असलेली, पण मग तुमचा सातवा माणूस गेला.

आईंसाठी दुसरं एक माप घ्या, जमिनीपासून मधल्या सीटच्या गादीपर्यंतची उंची. घरी ज्या पलंगावरून त्या हात न टेकता उठतात, त्या पलंगाची उंची मोजून न्या. सीट त्याच्या आसपास असेल तर त्या आधी पाठमोऱ्या बसतील, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतील. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हीच रीत सोयीची. फॉर्च्युनरला आधी पायदानावर चढावं लागतं आणि सगळा भार एका पायावर येतो. दाराच्या खांबावर धरायला दांडा आहे का, आणि तो त्यांच्या हाताच्या उंचीला आहे का, हेही बघा. छतालगतचं हँडल बऱ्याच बायकांना उंच पडतं.

गाडी लागण्याचं थोडं सांगते. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा जराशी मागे असते, त्यामुळे प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक वळणाचा झोका तिथे मोठा होऊन येतो. त्यात काच लहान आणि समोर पुढच्या सीटची पाठ. कानाला वळण कळतं आणि डोळ्याला दिसत नाही, मग मळमळतं. म्हणून मागच्या सीटवर बसून तुमच्या मुलाच्या डोळ्यांची उंची जिथे येते तिथून बाहेर काय दिसतं ते बघा. एसीचे झरोके मागे आहेत का एवढं विचारून थांबू नका. दुपारी एक वाजता, उन्हात उभी असलेली गाडी दाखवायला सांगा, मागे बसा आणि घड्याळ लावा. पुढच्याला पाच मिनिटांत गार वाटतं. मागच्याला किती मिनिटांनी, ते तुमच्या पत्नी सांगतील.

सामानाची गोष्ट नेहमी डिलिव्हरीनंतर ध्यानात येते. तिसरी रांग उभी असताना हायक्रॉसच्या डिकीत ३०० लिटर जागा सांगितली जाते. रांजणगावला बनणाऱ्या जीप मेरिडियनची १७०. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी होणारी स्कोडा कोडियाक तुमच्या बजेटच्या कितीतरी वर आहे, तिचीही २८१ लिटरच, आणि तिसरी रांग पाडली की एकदम ७८६. पाण्याचं निळं पिंप साधारण २०० लिटरचं असतं, त्यावरून अंदाज येईल. पण बॅगा पाण्यासारख्या ओतता येत नाहीत, म्हणून घरच्या बॅगा भरून शोरूमला न्या. मी खरंच सांगते आहे. एक मोठी बॅग, दोन मधल्या, मुलांची दप्तरं, पूजेच्या सामानाची पिशवी. तिसरी रांग उभी ठेवून त्या आत ठेवा आणि मागचं दार लावून बघा. गावाहून परतताना तांदळाचं पोतं आणि नारळ असतातच. ते छतावर टाकायचे असतील तर कॅरिअरला किती किलोची परवानगी आहे ते मॅन्युअलमध्ये वाचा. फॉर्च्युनरची तिसरी रांग दुमडली की दोन्ही बाजूंना काचेशी लटकते, त्यामुळे ती पाडूनही डिकीची रुंदी पूर्ण मिळत नाही.

आता फाइव्ह स्टार. गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप ही परीक्षा १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आणि तिचे पहिले निकाल त्या डिसेंबरात सफारी आणि टाटाच्याच हॅरिअरचे आले. सफारीला मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३०.०८ गुण मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. हायक्रॉसलाही २०२५ मध्ये पाच तारे मिळाले. पण ही परीक्षा कशी होते ते बघा. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक, ५० ने बाजूने, २९ ने बाजूचा खांब. मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या सीटवर असतात. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत, मुलांच्या खास सीटमध्ये. तिसऱ्या रांगेत पुतळा नसतो, आणि मागून येणाऱ्या ट्रकची धडक तपासली जात नाही. म्हणजे ते पाच तारे खरे आहेत, पण तुमच्या पत्नी आणि मुलं जिथे बसणार त्या रांगेबद्दल ते काही सांगत नाहीत. शोरूमवाल्याचं वाक्य तिथे चुकतं.

म्हणून हे स्वतः तपासा. तिसऱ्या रांगेत प्रत्येक जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का. डोक्यामागची उशी वर ओढून अडकते का, आणि ती तुमच्या पत्नींच्या डोक्याच्या मागे येते की मानेच्या. डोकं आणि मागची काच यांत किती बोटं राहतात. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे लेखी विचारा, तोंडी ‘हो’ चालणार नाही. मुलगा ७ वर्षांचा आहे, त्याला बूस्टर सीट लागेल. नाहीतर पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर येतो. ती मागच्या रांगेत नीट बसते का, तेही तिथेच बघा.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मागून ठोकलेली एक सात सीटर आली. पत्रा काढायच्या आधी मी आतलं सामान काढत होते. तिसऱ्या रांगेचा पट्टा ओढला तर तो कोरा करकरीत, शोरूममधून आला तसा. बकल शोधायला गादीच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. खाली बिस्किटाचा कागद, एक खोडरबर आणि त्याखाली बकल, त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. गाडी पाच वर्षांची होती. त्या सीटवर बसलेल्या मुलाच्या कपाळाला सात टाके पडले होते. त्याचे वडील रोज पट्टा लावणारे गृहस्थ, पण मागे पट्टा असतो हे घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. डिलिव्हरी घेताना पूजेच्या आधी सगळी बकलं गादीच्या वर काढून घ्या, आणि ७ वर्षांच्या मुलाला एकट्याने ते लावता येतं का बघा. आलं नाही तर तो लावणार नाही.

डिझेल की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी असलेली, यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण तुमच्या वापरात त्याने फार फरक पडत नाही. महिन्याला १००० किलोमीटर धरा. हायक्रॉस हायब्रिडचं कागदावरचं मायलेज २३.२४ आहे, पण सात माणसं, एसी आणि घाट धरून १६ च हिशोबात घ्या. सफारीला १३ धरा. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं तर एकीला महिन्याला साडेसहा हजार, दुसरीला सात हजार. फरक ५०० रुपयांचा. कराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी ४० टक्केच आहे. त्याआधी सेससकट मोठ्या एसयूव्हीवर ५० आणि अशा हायब्रिडवर ४३ होता, तो फरक आता राहिला नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या वैयक्तिक गाडीला रोड टॅक्स डिझेलला १५ टक्के आणि पेट्रोलला १३ टक्के, आणि हायब्रिड पेट्रोलमध्ये मोडते. २५ लाखांच्या किमतीवर हे ५० हजार होतात. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स २० टक्के लागतो, तेव्हा स्वतःच्या नावावर घ्या. कोटेशनमध्ये एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच कापून घेतलेला आयकर, दिसेल. ते पैसे तुमचेच आहेत, रिटर्न भरताना सीएला दाखवा. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची हे लेखी मागा.

घाटात मात्र फरक जाणवतो. सफारीचं डिझेल इंजिन १७० पीएसचं, ३५० न्यूटन-मीटर ओढीचं. भरलेली गाडी कमी आरपीएमला शांतपणे चढते, आणि सरावाच्या ड्रायव्हरला ते फार आवडतं. हायब्रिडमध्ये चढावर जोर दिला की इंजिन एका सुरात मोठ्याने ओरडतं. गाडी चढते, पण आवाजाची सवय करावी लागते. उतरताना तीच गाडी बॅटरी भरून घेते. बॅटरीची भीती बाळगू नका, तिला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे.

मोठी काच, मोठा स्क्रीन, हवा सोडणाऱ्या सीटा या सगळ्याबद्दल एवढंच म्हणते की प्रीमियमचे पैसे पुढच्या दोन सीटांवरच संपले आहेत की मागच्या रांगेपर्यंत पोचले आहेत, ते बघा. मागे चार्जिंगचं भोक, वाचायचा दिवा, पाठ थोडी मागे कलणं, बाटली ठेवायची जागा. यातलं काहीच नसेल तर ३६ लाख भाऊजींसाठी खर्च होतील. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा पुणे हायवेला उपयोगाची आहे. पण गाळपाच्या दिवसांत मागे एक लाल दिवाही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या तुमच्याच रस्त्याला असतात, तिथे स्वतःच्या डोळ्यांवरच विसंबा.

माझं मत विचाराल तर तुमच्या घराला सात सीटर हायक्रॉस हायब्रिड. सगळ्यात वरचं मॉडेल घ्यायची गरज नाही. फॉर्च्युनर तुमच्यासाठी नाही. शेतातल्या चिखलात, नदीपात्रात रोज जायचं असतं तर मी तीच सांगितली असती. मित्र म्हणतो तो दणकटपणा खरा आहे, पण तो तुमच्या पत्नींच्या माकडहाडाला उपयोगी नाही. सफारी मला मनापासून आवडते. वर्षातले तीनशे दिवस तुम्ही पाच जणच असता, आणि तेवढ्यांसाठी ती जास्त भरभक्कम, मजेची गाडी आहे. गणपतीला बहीण-भाऊजी एसटीने किंवा वेगळ्या गाडीने यायला तयार असतील, तर सफारी घ्या आणि खुशाल घ्या.

पण पैसे भरायच्या आधी एक करा. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह पाच-सात किलोमीटरची असते, त्यात काही कळत नाही. टुरिस्टवाल्यांकडे हायक्रॉस भाड्याने मिळते. येत्या गणपतीला तीच दोन दिवस भाड्याने घ्या, चालक धरून सात जण बसा आणि कुंभार्लीने गावी जा. एवढ्या वेळी भाऊजींना एसटीने येऊ द्या आणि बहिणीला पुढे बसवा. चालक असेल म्हणून तुम्ही रिकामे असाल. जाताना घाट उतरून पोफळी येईपर्यंत तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा, मुलाशेजारी, आणि पत्नींना मध्ये बसू द्या. सात माणसं म्हणजे साडेचारशे किलो, वर पन्नास-साठ किलोच्या बॅगा. निघायच्या आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा. त्यावर भरलेल्या गाडीसाठी टायरमधली हवा वेगळी दिलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसते. तेवढी हवा भरा, मगच घाटाला लागा.

प्रश्न: माझी डिझेल तीन रांगांची एसयूव्ही आहे. घरापासून दवाखाना ३ किलोमीटर, दिवसातून दोन फेऱ्या. बाकी गाडी फारशी निघत नाही. दीड वर्षात तिसऱ्यांदा डीपीएफचा दिवा लागला. गाडी खराब निघाली का? — एक डॉक्टर वाचक, मुंबई

उत्तर: गाडी खराब नाही, तिला पळायला मिळत नाही. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, तीच डीपीएफ. काजळी साठली की गाडी स्वतः तो भाग तापवून ती जाळते, पण त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने चालावं लागतं. तुमचं इंजिन नीट गरम व्हायच्या आत दवाखाना येतो. दर दहा-बारा दिवसांनी पहाटे हायवेला अर्धा तास काढा आणि मध्ये गाडी बंद करू नका. इंजिन ऑइलची पातळी पट्टीवर वाढलेली दिसली तर लगेच बदलून घ्या, अर्धवट जळणात त्यात डिझेल उतरतं. दिवा मिचकावत असेल किंवा पिकअप गेला असेल तर मात्र थेट वर्कशॉपला. तुमच्या गाडीला ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं वेगळं द्रव, लागत असेल तर त्याचं झाकण निळं असतं. पंपावर स्वतः उतरून उभे राहा, ते डिझेलच्या टाकीत ओतलेलं मी पाहिलं आहे आणि त्याचा खर्च फार मोठा असतो. पुढची गाडी पेट्रोल किंवा हायब्रिड घ्या.

प्रश्न: मिस्टर जहाजावर असतात, वर्षातले सात-आठ महिने सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन गाडी मीच चालवते. उंची पाच फूट. तीन रांगांची गाडी घ्यायची आहे, पण सगळे म्हणतात तुला झेपणार नाही. सोसायटीत दोन खांबांमध्ये पार्किंग आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर: झेपेल. स्टिअरिंग बोटाने फिरतं, ऑटोमॅटिक घेतली की क्लच नाही, ताकदीचा प्रश्नच उरत नाही. प्रश्न दिसण्याचा आणि पोचण्याचा आहे. सीट पूर्ण वर घ्या, पाठ सरळ ठेवा, ब्रेक तळापर्यंत दाबा. गुडघा तेव्हाही थोडा वाकलेला हवा आणि छाती व स्टिअरिंग यांत वीतभर अंतर हवं, कारण एअरबॅगेला फुलायला जागा लागते. पायासाठी पुढे सरकल्यावर छाती फार जवळ येत असेल, तर स्टिअरिंग नुसतं वर-खाली नाही, पुढे-मागेही होणारं मॉडेलच घ्या. तुमच्या उंचीला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि स्वस्त मॉडेलात ती कधी कधी नसते. मग दाराशेजारच्या खांबाआड रस्ता ओलांडणारं माणूस लपतं का ते बघा, मोठ्या गाड्यांचा हा खांब जाड असतो. चारही बाजूंचा कॅमेरा तुमच्यासाठी चैन नाही, गरज आहे.

पार्किंगसाठी गाडीची रुंदी आरशांशिवाय सांगतात. सफारी १९२२ मिलिमीटर आहे, हायक्रॉस तिच्यापेक्षा सातेक सेंटीमीटरने कमी. त्यात दार उघडून सासूबाई उतरतील एवढे, निदान ६० सेंटीमीटर एका बाजूला मिळवा. डिकीचं दार वर उघडताना छताच्या पाइपाला लागतं का, हेही तिथेच कळेल. टेस्ट ड्राइव्हची गाडी सोसायटीत आणायला सांगा आणि स्वतः लावून बघा. ती संध्याकाळी सातनंतर आणा, शेजारची गाडी आलेली असेल तेव्हा.